दादाला वाहिलेली श्रद्धांजली

तो गायक गेल्याची बातमी टीव्हीवर लागली तेव्हा मला वाईट वाटलं नाही. खोटं कशाला बोलू? मनात एवढंच आलं, सुटला एकदाचा माझा दादा.

माझा थोरला भाऊ ऑर्केस्ट्रात गातो, त्या गायकाचा आवाज काढून. हळदी, साखरपुडे, मंडळांचे कार्यक्रम. स्टेजवर दादाचं नाव कुणी पुकारतच नाही. 'व्हॉइस ऑफ' म्हणायचं आणि पुढे त्या गायकाचं नाव. तसलंच चमकी जॅकेट, तसेच मानेवर रुळणारे केस. लोक शिट्ट्या मारतात. मला ती गाणी कधी झेपली नाहीत. बाई गं, किती ते नाकातून गाणं! हां, त्याची दोन-तीन संथ गाणी होती, ती लागली की मीही भांडी घासताना गुणगुणायचे आणि मग स्वतःवरच वैतागायचे.

खरा राग होता तो दादाचा आवाज गेल्याचा. त्याचा मूळ आवाज असा मोकळा, भारदस्त होता की घरच्या गणपतीत तो आरतीला उभा राहिला की वरच्या मजल्यावरची माणसं खाली उतरायची. ऑर्केस्ट्रात लागल्यापासून तो आरतीलाही नुसत्या टाळ्या वाजवायचा. "उद्या शो आहे गं, गळा जपायला पाहिजे." मला वाटलं, आता मूळ माणूसच नाही, तर नक्कल कोण ऐकणार? आता तरी हा आपल्या आवाजात गाईल.

दुसऱ्या दिवशी भाजी आणायला गेलेली आई पिशवी तशीच घेऊन घरी आली आणि मला ओढत नाक्यावर घेऊन गेली. मंडळाने भलामोठा फ्लेक्स लावला होता. 'भावपूर्ण श्रद्धांजली', आणि खाली माझ्या दादाचा फोटो! फ्लेक्सवाल्याकडे दादाच्या चारकोपच्या मागच्या कार्यक्रमाच्या फ्लेक्सची फाइल पडून होती. तिच्यात नाव त्या गायकाचं मोठं आणि फोटो दादाचा. त्याने तोच उचलला, बाजूला समई टाकली आणि झाला मोकळा.

"माझो झील जितो आसा रे मेल्यांनो! आदी खाली उतरवा ह्या!" आईचा आवाज पार रिक्षा स्टँडपर्यंत गेला. मंडळाचा अध्यक्ष कान पकडून उभा. "काकी, सॉरी ना, घाईत झालं." पोरं शिडी आणायला पळाली.

तेवढ्यात दादा आला. कमरेवर हात ठेवून फ्लेक्सकडे बघत राहिला. मला वाटलं, आता भडकतोय.

"फोटो बरा आलाय रे," तो अध्यक्षाला म्हणाला. "राहू दे संध्याकाळपर्यंत."

"डोकं ठिकाणावर आहे का तुझं?" मी ओरडले.

"अगं, सकाळपासून फोन थांबत नाहीयेत. ओरिजिनल गेला ना. आता जे काय आहे ते मीच."

आईने तिथेच त्याच्या तोंडावरून हात ओवाळून कडाकडा बोटं मोडली. फ्लेक्स मात्र तिने तासाभरात उतरवायला लावलाच.

त्या वर्षी दादाला श्वास घ्यायला फुरसत नव्हती. श्रद्धांजलीचेच कार्यक्रम किती! गणपतीत मात्र आईने त्याला अडवलं. पाहुणे, शेजारी सगळे उभे होते, ताटात कापूर पेटला होता.

"आज तुझ्या गळ्यान म्हण, बाबा. एकदाच."

दादाने मान डोलावली आणि सुरुवात केली. पहिली ओळ नाकातून आली. तो थांबला, खाकरला, पाणी प्यायला, पुन्हा सुरुवात केली. पुन्हा तसंच. शेजारच्यांना वाटलं गंमत करतोय, कुणीतरी शिट्टीसुद्धा मारली. मला त्या शिट्टीवाल्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली, कारण दादाचा चेहरा मला दिसत होता.

"आई," तो हळूच म्हणाला, "हाच येतोय गं."

कापूर विझत आला होता, म्हणून पुढची ओळ आईनेच सुरू केली.