शारजातला एकोणतिसाचा पाढा

हसायचं नाही अशी अट घालण्यात अर्थ नाही, हसालच. फक्त चहाचा घोट आधी गिळा आणि मग ऐका. मागच्या वेळी हे सांगितलं तेव्हा माझ्या नणंदेने स्वतःचाच नवा सोफा रंगवला होता!

भरसभेत माइक हातात घेऊन माणूस स्वतःची शोभा किती करून घेऊ शकतो? ऐका तर.

तेव्हा आम्ही शारजात, अल नहदाला राहायचो. खिडकीतून बघितलं की रस्त्यापलीकडे दुबई. ऑफिसला जाताना तो रस्ता ओलांडायला माझ्या नवऱ्याला, सुनीलला, ट्रॅफिकमुळे अर्धी सकाळ लागायची, ते वेगळं! मुलगी सई चौथीत होती.

सईची शाळा म्हणजे छोटी युनोच. सुदानी, सीरियन, फिलिपिनो, पाकिस्तानी, दोन-चार इथलीच अरब मुलं, आणि आपली. ठाण्याहून पाहुणे आले की मी मिरवायचे, "आमच्या सईचे फ्रेंड्स कुठल्या कुठल्या देशांचे आहेत!" पाहुणे गेले की सुनीलला म्हणायचे, "या जत्रेत हिचं गणित बुडणार बरं का."

कारण सई घरी आली की एकच जप: तसनीम. मी मराठीत विचारणार, ती इंग्लिशमध्ये उत्तर देणार, आणि उत्तरात तसनीम असणारच. "तसनीम सेज सो, मम्मा." "आस्क तसनीम, मम्मा." ही तसनीम सुदानची, एवढंच मला ठाऊक. कधी पाहिलेलीसुद्धा नाही. पण सईच्या गणिताची घसरगुंडी हिच्यामुळेच, हे मी ठरवून टाकलं होतं.

अशात शाळेने पालकांची सभा बोलावली. काही पालकांचं म्हणणं, भारतीय मुलांची तुकडी वेगळी काढा आणि अभ्यास कडक करा. बाकीच्यांचं म्हणणं, मुलं आहेत तशी एकत्र राहू देत. आता हे 'काही पालक' म्हणजे कोण? अहो, मीच! घरोघरी फोन करून सगळ्यांना मीच पेटवलं होतं.

शेजारच्या रुखसानाभाभींनाही गाठलं. त्या मूळच्या दापोलीच्या, त्यांचा मुलगा सईच्याच वर्गात.

"भाभी, सभेत आमच्या बाजूने बोला हं."

"मी नाय बोलणार," भाभी मासे साफ करता करता म्हणाल्या. "माझा पोरगा सगळ्या देशांच्या पोरांशी भांडतो नि दुसऱ्या दिवशी त्यांच्याच डब्यातलं खातो. ही अक्कल तुझ्या कडक तुकडीत शिकवतील काय?"

"अहो, पण पाढे?"

"त्याला कॅल्क्युलेटर हाय की!"

कॅल्क्युलेटर! मी कपाळावर हात मारून घेतला. असल्या लोकांमुळेच तर गुणवत्ता बुडते!

गुरुवारी दुपारी सभा भरली. हॉल खचाखच. हॉल आणि शेजारचा वर्ग यांच्यामध्ये लाकडाची सरकती भिंत होती, आणि सभा होईपर्यंत मुलांना पलीकडे बसवलं होतं.

अभ्यास कडक हवाच म्हणून एक पाकिस्तानी बाबा उठले. "मॅडम, बच्चे को इंजिनियर बनाना है या अँबॅसेडर?" आमच्या बाजूने टाळ्या! मग एक सीरियन आई उठली. म्हणाली, "माझा मुलगा इथे आला तेव्हा कुणाशी बोलतच नव्हता. आता तो घरी आमच्याशी हिंदीत भांडतो. मी फार सुखी आहे." तिकडून टाळ्या! प्रिन्सिपल मॅडम केरळच्या, शांत बाई. त्या दोन्हीकडे सारख्याच मान डोलवत होत्या.

मग माइक माझ्या हातात आला. पदर खोचला. म्हणजे सलवार-कमीज होती, पण मनातल्या मनात खोचला. इंग्लिशमध्ये सुरुवात केली: स्टँडर्ड, डिसिप्लिन, फाउंडेशन... आणि इतक्यात भिंतीपलीकडून आवाज आला.

"एकोणतीस एके एकोणतीस. एकोणतीस दुणे अठ्ठावन्न."

मी थबकले. वाळवंटात, शारजाच्या शाळेत, एकोणतिसाचा पाढा! तोही कसा? एकेक आकडा घासूनपुसून ठेवल्यासारखा. 'अठ्ठावन्न'मधला ठ असा ठणठणीत, की माझ्या अंगावर सरसरून काटा आला.

"लिसन!" मी माइकमध्ये ओरडले. "दिस इज मराठी! याला म्हणतात क्वालिटी! हे शाळेत येत नाही, घरातून यावं लागतं. इट इज इन द ब्लड!"

रुखसानाभाभींनी माझी ओढणी ओढली. "अगो, खाली बस."

बसते कशाला! मला चेव चढला होता. "उच्चारावरून मी गाव सांगते. ही मुलगी ठाण्याची! आमच्या नौपाड्यातली! मॅडम, भिंत सरकवा. सगळ्यांना बघू दे, आपली मुलं काय चीज असतात!"

मॅडमनी खूण केली. भिंत घरघरत बाजूला झाली.

समोर टेबलाशी एक उंच, काळीसावळी मुलगी उभी होती. केसांच्या बारीक घट्ट वेण्या, हातात पट्टी, डोळे मिटलेले. तिच्यामागून अख्खा वर्ग म्हणत होता. फिलिपिनो, सीरियन, पाकिस्तानी, रुखसानाभाभींचा मुलगा, सगळे! आणि पहिल्या बाकावर आमच्या नौपाड्याचं रक्त, म्हणजे सई, तिच्या ओठांकडे बघत एकेक आकडा मागे पडत धावत होती.

"एकोणतीस त्रिक सत्त्याऐंशी," तसनीम, हो, तीच ती तसनीम, म्हणाली. "सई, इकडे लक्ष दे!"

"सई, इकडे लक्ष दे!" वर्ग एका सुरात म्हणाला. सईसुद्धा!

तो सूर ओळखलात ना? माझाच होता हो! स्वयंपाकघरात टेपरेकॉर्डर ठेवून सईसाठी मी पाढ्यांची कॅसेट भरली होती, मधल्या ओरड्यासकट. शाळेच्या बसमध्ये वॉकमनवर ऐक म्हणून दिली होती. हिने ती दिली मैत्रिणीला. "शी लाइक्स इट, मम्मा," सई मला नंतर म्हणाली. "आय डोन्ट."

पण खरं सांगू? लाज मागाहून वाटली. त्या क्षणी मी नुसती बघत राहिले. त्या पोरीने पाढा दहापर्यंत नेला, कुठे अडखळली नाही. ज्या भाषेत तिला पाणीसुद्धा मागता आलं नसतं, त्या भाषेतला एकेक शब्द तिने देवघरातल्या समईसारखा जपून हातात धरला होता. ते पाकिस्तानी बाबा हळूच म्हणाले, "सुभानल्ला!" आणि टाळ्या पडल्या त्या दोन्ही बाजूंनी.

प्रिन्सिपल मॅडमनी शांतपणे विचारलं, "मिसेस मंजिरी, हिला कुठल्या तुकडीत घालू?"

वेगळ्या तुकडीचा विषय तिथेच खलास. सई आणि तसनीम एकाच बाकावर राहिल्या, आणि टाळ्या वाजवताना माझेच हात दुखले.

इथे गोष्ट संपली असती तर मी सुटले असते. पण गर्दीतून तसनीमची आई माझ्याकडे आली. उंच बाई, अंगाभोवती केशरी रंगाचं साडीसारखं वस्त्र गुंडाळलेलं, इथल्या हॉस्पिटलात डॉक्टर. तिला बघून आपण आपोआप सरळ उभं राहावं, असा रुबाब. तिने माझे दोन्ही हात हातात घेतले.

"तुम्हीच त्या कॅसेटवाल्या टीचर! पाढा संपला की त्यात एक प्रार्थना आहे ना? आम्ही घरी जेवणाआधी सगळे म्हणतो. माझी आई खार्टुमहून फोनवर ऐकते आणि आमीन म्हणते. त्या प्रार्थनेचा अर्थ काय?"

प्रार्थना? मी कुठे प्रार्थना भरली?

डॉक्टरीणबाईंनी डोळे मिटले, तळवे वर केले, आणि धीरगंभीर आवाजात म्हणाल्या,

"मेलं दूध उतू गेलं!"

रुखसानाभाभी ओढणी तोंडात कोंबून खांबामागे गेल्या.

आता तुम्हीच सांगा, त्या भाविक चेहऱ्याला मी काय सांगणार होते? म्हटलं, "याचा अर्थ... तुमचं घर सदैव भरून वाहो." अगदीच खोटं नाही हं! दूध उतू जाणं आपल्याकडे शुभच की.

बाईंचे डोळे भरून आले. मग त्यांनी विचारलं, "आणि तो पहिला शब्द? मेलं?"

मी घाईघाईने म्हटलं, "तो... तो प्रेमाने म्हणतात. जवळच्या माणसाला. डिअरसारखा."

झालं! ईदला आम्ही रुखसानाभाभींसकट त्यांच्या घरी गेलो. दिवाणखाना सुदानी बायकांनी भरलेला. डॉक्टरीणबाई मला बघताच हात पसरून उठल्या, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या,

"अहलन, मेलं मंजिरी!"

मागोमाग सगळ्या बायका उठल्या. "मेलं मंजिरी! मेलं मंजिरी!" कुणी गालाला गाल लावतंय, कुणी खजूर भरवतंय.

सुनीलने माझ्याकडे बघितलं. रुखसानाभाभींनी बघितलं.

आणि मी? मी ओ दिली!