आप्पांचं टेल आणि दोन मांजरं

आमचे आप्पा पाटकरी होते, तेही रोजंदारीवर. पाण्याची पाळी सुटली की सायकलवरून कालव्याच्या काठाकाठानं जायचं आणि ज्याची वेळ असेल त्याच्या चारीचं दार उघडायचं. पाणी लोकांच्या उसाला जायचं. आम्ही पाच जण काठावरच्या पत्र्याच्या खोलीत राहायचो, आणि कालवा कोरडा असला की आई दीड मैलावरून हंडा आणायची. कालव्याच्या शेवटच्या टोकाला आमच्याकडे टेल म्हणतात. आप्पांची हद्द मधली. तीस वर्षं ते "टेलला पाणी पोचलं का?" असं विचारत राहिले, पण टेल त्यांनी कधी पाहिलं नाही. हद्द सोडून गेलं तर खाडा लागायचा.

त्याच खोलीत शिकून मी इंजिनियर झाले. घरातली पहिली ग्रॅज्युएट. हे मी मुद्दाम सांगते, लाजण्यासारखं त्यात काही नाही.

इकडे परदेशात, ईस्ट टामाकीत, मी काम करते त्या कारखान्यात एक म्हातारा गोरा फिटर आहे. इंग्लंडमधल्या कालव्यांच्या आठवणीनं त्यानं स्वतःच्या हातानं नॅरोबोट बांधली. आगगाडीचा डबा पाण्यात सोडावा तशी. रुंदी जेमतेम सात फूट, वेग माणसाच्या चालीचा. ती समुद्राला जोडलेल्या एका कालव्यात उभी असायची. तिला त्याच कालव्याच्या पार शेवटच्या टोकाला नवी जागा मिळाली, आणि नेमकी त्याची पाठ धरली. मी नेते म्हटलं.

"तू नेशील? स्वीट अ‍ॅज!" म्हणजे झकास. "फक्त माझी दोन मांजरं बोटीवरच राहतात," तो म्हणाला. सूचना एकच. टोकाच्या अलीकडे ठेंगणा पूल आहे, भरती चढायच्या आत, म्हणजे दोनच्या आत, त्याखालून निघायचं. नाहीतर छप्पर अडकेल.

माझ्याकडे सहा महिने राहून आप्पा चार दिवसांनी गावी परत जाणार होते. म्हटलं, एक तरी टेल दाखवू.

दहाला निघालो. ही बोट मागच्या टोकाला उभं राहून चालवतात, त्यामुळे लांबलचक छप्पर सगळं आपल्या डोळ्यांसमोर. पाचव्या मिनिटाला काळी मांजर त्यावरून डावीकडून उजवीकडे गेली.

"थांबव!" आप्पा ओरडले.

"आप्पा, बोट आहे ही."

"मग? मांजर आडवं गेलंय. दुसरं कुणीतरी आधी पुढं जाऊ दे."

थांबवली. कालव्यात येणार कोण? बऱ्याच वेळानं पॅडलबोर्डच्या फळीवर उभी राहून वल्हवत एक बाई आली, "किया ओरा" असा इथला नमस्कार केला आणि पुढे गेली. आप्पांनी तिला हात जोडले. "हां, चल."

दोनशे मीटरवर पिवळा बोका गेला. या वेळी आसपास नुसती बदकं.

"बदक चालेल?" मी विचारलं.

"माणूस पाहिजे."

"अहो, हे घर आहे त्यांचं. घरात मांजर इकडून तिकडे गेलं तर जेवायचं थांबता का तुम्ही?"

"घर पुढं सरकत नाही."

शेवटी आप्पांनीच तोड काढली: मांजर आलं तसं माघारी गेलं, की फिटलं. बोका पलीकडच्या कडेला झोपला होता. मी त्याला माशाचा तुकडा दाखवला. तो माघारी आला, पण वास लागून काळी उलट्या बाजूनं पळाली. एक फिटलं, एक लागलं.

असं करता करता सव्वा वाजला. पूल समोर दिसत होता, इंजिन बंद, आणि मी रडकुंडीला आलेली. "मला फक्त तुम्हाला टेल दाखवायचं होतं हो."

आप्पा काठाच्या दगडांवरची ओल बघत होते.

"पाणी चार बोटं चढलं," ते म्हणाले. आवाज कालव्याला पाणी सुटायचं त्या दिवसांतला. "बघतेस काय? इंजिन लाव!"

त्यांनी काळीला उचलून काखेत मारलं, बोक्याला स्वेटरात कोंबून वर चेन ओढली. "आता जा म्हणावं आडवं!" आणि मोकळ्या हातानं सुकाणूचा दांडा धरला.

छप्पर आणि पूल यांच्यात वीतभरही फट नव्हती. स्वेटरच्या गळ्यातून बोका डोकं काढून बोंबलत होता. पुलावरच्या एका माणसानं फोटो काढला.

टोकाला एक दगडी भिंत होती, कचऱ्याचा डबा होता, आणि घडीच्या खुर्चीत फिटर. आप्पांनी दोन्ही मांजरं त्याच्या मांडीवर सोडली, वाकून भिंतीला हात लावला आणि मला वेळ विचारली.

पावणेदोन वाजता आप्पा टेलला पोचले.