साडभाऊंच्या रेल्वेतला उजेड

आमच्या साडभाऊंइतका भांडकुदळ माणूस अख्ख्या विदर्भात दुसरा नसेल, आणि असलाच तर त्याच्या घरी निदान रेल्वे तरी नसेल.

साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, ताईंचे, यजमान. मूळचे उमरेडचे, विणकराच्या घरातले. वडिलांचा माग बंद पडल्यावर नागपुरात येऊन कचेरीत कारकून झाले आणि रिटायर झाल्या दिवशी जुन्या शुक्रवारीतल्या दोन खोल्यांच्या घराची पुढची खोली त्यांनी रेल्वेला देऊन टाकली. खऱ्या नव्हे, खेळण्यातल्या. पण 'खेळणं' हा शब्द त्यांच्यासमोर उच्चारणारा माणूस चहा न पिता परत गेलेला आहे. तो मीच.

घरोघरी रंगीत टीव्ही येऊ लागले होते त्या सुमाराला जर्मनीत नोकरीला असलेल्या पुतण्यानं त्यांना ही नव्या पद्धतीची गाडी आणून दिली. रूळ एकच, वीज एकच, पण प्रत्येक इंजिनाच्या पोटात नखाएवढी एक पट्टी. तिला डिकोडर म्हणायचं. तिच्यावरची तिळाएवढी बटणं वरखाली करून इंजिनाला नंबर द्यायचा. मग समोरच्या पेटीवर तो नंबर दाबला की तेवढंच इंजिन हलणार, बाकीची मुकाट उभी. "या घरात माह्यं ऐकणारं हेच आहे एक," असं साडभाऊ म्हणायचे, आणि ताईंना स्वयंपाकघरात ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणायचे.

रूळ ठोकलेल्या फळीखालचं वायरिंग मात्र बघण्यासारखं. मागावर ताण्याचे उभे धागे लावावेत तशा एकेका रंगाच्या वायरी सरळ ओळीत. एकदा हिरवी वायर संपली म्हणून मी निळी जोडली. बापरे! "अकलेचं दिवाळं निघालं काय गा तुह्यं? यंदा मारबतीसोबत तुलेच धाडतो गावाबाहेर!" पोळ्याचा दुसरा दिवस उजाडून ईडापीडा घेऊन जाणारा मारबतीचा पुतळा खरोखरच गावाबाहेर जाऊन जळला, तरी हे माझ्याशी बोलत नव्हते. एका निळ्या वायरीपायी! मीही ठरवलं होतं की या माणसाच्या दारात पुन्हा पाय ठेवायचा नाही. पण ताई फोडणीचा भात पाठवायच्या, आणि डबा परत द्यायला जावंच लागायचं.

खरं भांडण पेटलं ते दिव्यांवरून. प्लॅटफॉर्मवर जवसाएवढे बल्ब, प्रत्येक डब्यात एक दिवा, सिग्नलला लाल-हिरवा. सगळं छान होतं. पण साडभाऊंना उजेड पुरेना. आधी बल्ब बदलले, मग दुप्पट केले, मग स्टेशनवर इतके लावले की घराचाच फ्यूज उडाला आणि ताईंची पोळी तव्यावर करपली. तरी हे माझ्यावरच ओरडत होते. "उजेड काहून कमी करून राहिला तू?"

उजेड कमी झालाच नव्हता. त्यांचे डोळे चालले होते. कपबशी टेबलाच्या कडेबाहेर ठेवायचे, दाराच्या चौकटीला खांदा आपटायचे आणि चौकटीला शिव्या द्यायचे. एका संध्याकाळी दोन इंजिनांना एकच नंबर देऊन बसले. बटण दाबताच दोन्ही समोरासमोर सुटली आणि धाडकन आपटली. "तुनंच बटण हलवलं!" मी तर त्या वेळी चपला घालत होतो! मी म्हटलं, भाऊ, धंतोलीत डोळ्याच्या डॉक्टरकडे जाऊन येऊ. "तुले दाखवायचा असन तर तुहा डोळा दाखव. मले मुंगीचा पाय दिसते." असा संताप आला म्हणता! स्वतःचे डोळे जाताहेत, घरच्यांना दिसतंय, आणि हा माणूस हट्टाला पेटलेला.

मग दसरा आला. त्यांच्या घरी पूर्वी दसऱ्याला मागाची पूजा व्हायची. माग गेला, पण पूजेची सवय गेली नाही. आता इंजिनांच्या टपावर हळदीकुंकवाचं बोट लागायचं. त्या वर्षी ताईंना वाटलं, गाडीची पूजा करतो, मग वाटेनं काय पाप केलं? त्यांनी हळद कालवून रुळांवरही मोठ्या भक्तीनं पट्टे ओढले, वर कुंकू, वर अक्षता.

संध्याकाळी सोनं द्यायला आम्ही सगळे जमलो. साडभाऊंनी ऐटीत बटण दाबलं. गाडी चार बोटं सरकली, दिवे मिचकावले आणि ठप्प झाली. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. वाळलेल्या हळदीतून वीज जाणार कशी? पण साडभाऊ तापले. डिकोडर जळाला म्हणाले, कोणी हात लावला म्हणाले, अर्थात माझ्याकडे बघून. इंजिन उलटं करून त्याचं पोट उघडलं. एक हात आधारासाठी रुळावर टेकला होता. पिवळाजर्द रूळ, लाल ठिपके, आम्हा सगळ्यांना उंबऱ्यातून दिसत होते. शेवटी ताई म्हणाल्या, "अवो, रुळाले हळद लागली न."

"कुठं?"

"तुमच्या बोटाखाली."

त्यांनी बोट उचललं, डोळ्यांजवळ नेलं, आणखी जवळ नेलं. मग नाकाशी नेऊन हुंगलं. तेव्हा कुठे त्यांना पटलं की ती हळद आहे.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना रिक्षात कोंबून धंतोलीत नेलं. डॉक्टर म्हणाले, काचबिंदू. एक डोळा गेल्यातच जमा. दुसऱ्यात आहे तेवढी नजर औषधानं टिकेल, गेलेली परत येणार नाही. आधी यायला हवं होतं. दवाखान्याच्या पायऱ्यांवरच मी त्यांच्यावर ओरडलो, लोक बघत होते तरी ओरडलो.

"मले मालूम होतं," ते म्हणाले.

"मग सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं त तुम्ही लोकांनी माही गाडी पेटीत भरून माळ्यावर टाकली असती. आंधळ्याले रेल्वे कायले पायजे, म्हणून."

मी रागारागानं रिक्षा थांबवली आणि त्यांना पुन्हा आत कोंबलं.

पुढे कितीतरी दिवस साडभाऊ रेल्वेच्या खोलीत फिरकलेच नाहीत. आतल्या खोलीत पडून असायचे. मी गेलो तर "ये" म्हणायचे, आणि भांडायचे नाहीत. त्यांचं न भांडणं मला सोसवेना. ताईंनाही सोसवलं नसावं. एका संध्याकाळी मी पुढच्या खोलीत बसलेलो असताना त्या पदराला हात पुसत आल्या आणि आयुष्यात पहिल्यांदा बटणांच्या पेटीपुढे बसून त्यांनी एक बटण दाबलं. भलतंच इंजिन सुटलं. गाडीचे डबे जागेवर, आणि ते एकटंच घरंगळत निघालं.

आतून आरोळी आली. "अवं, कोणतं सोडलं? रिकाम्या इंजिनाचा आवाज येऊन राहिला!"

"मले काय समजते तुमचं!"

"तीन दाब, तीन! अवं, थांब, हात नको लावू कशाले!"

भिंत चाचपत, शिव्या घालत साडभाऊ आले आणि ताईंना उठवून पेटीपुढे बसले. बोटांनी चाचपून बरोबर बटण दाबलं. गाडी निघाली. मान तिरकी करून ते चाकांचा आवाज ऐकत राहिले. गाडी वळणावर गेली तसा त्यांचा चेहराही तिकडे वळला.

"डब्यातले दिवे लागले काय गा?" त्यांनी मला विचारलं.

"लागले."

"लागले म्हणजे? किती लागले, कसे लागले? मी काय इथं भजन ऐकाले बसलो? सांग न नीट!"

बरं वाटलं, देवाशपथ, त्यांचा तो खेकसण्याचा आवाज ऐकून. मी स्टूल त्यांच्याजवळ ओढलं आणि पहिल्या डब्यापासून सांगायला लागलो.