दोन झाकणं ऑइल

मार्चमध्ये आमच्या शेताच्या धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या बाभळी कापायला ढाणकीकडचा एक माणूस आला होता. वीस वर्षं त्याने कुऱ्हाडीने झाडं तोडली. संक्रांतीच्या सुमारास पुसदच्या एका कृषी केंद्रातून त्याने पेट्रोलवर चालणारी कटर मशीन घेतली. चौथ्या बाभळीच्या बुंध्यात पातं असतानाच मशीनचा आवाज चिरका झाला आणि ती बंद पडली. त्याने दोरी ओढली. दोरी जागची हलेना. पिस्टन आत अडकलं होतं.

या मशीनच्या इंजिनाला ऑइलची वेगळी सोय नसते. ते पेट्रोलमध्येच मिसळावं लागतं आणि कमी पडलं की पिस्टन घासून जाम होतं. किती मिसळत होतास, असं मी विचारलं. लिटरला दोन झाकणं, तो म्हणाला. दुकानात तसंच सांगितलं होतं.

आमच्याकडे फवारणीचं औषधही झाकणानेच मोजतात. पंपाला किती मिली, असं कोणी विचारत नाही. किती झाकणं, असं विचारतात, आणि दुकानदारही तेच सांगतो.

मी मेडिकलमधून सिरिंज आणली आणि त्याच्या ऑइलच्या बाटलीचं झाकण मोजलं. दहा मिली भरलं. मशीनच्या पुस्तिकेत लिटरला चाळीस मिली लिहिलं होतं, तेही इंग्रजीत. ती त्याला वाचता येत नव्हती. दोन महिने मशीन निम्म्या ऑइलवर चालली होती.

दुसऱ्या दिवशी मी त्याच्याबरोबर दुकानात गेलो. मालकाने मशीन उघडून पाहिली आणि ग्राहकाची चूक आहे, वॉरंटी मिळणार नाही, असं सांगितलं. वर माझ्याकडे पाहून म्हणाला, "कुऱ्हाडीले ऑइल लागत नाही ना साहेब. याले सवय नाही."

काउंटरवरचा नोकर हसला. झाडवाला हसला नाही.

"शेटजी, म्या मनानं एक थेंब कमी नाही टाकला. तुमच्या या मानसानं सांगतलं तेवढंच टाकलं."

नोकराने ते नाकारलं नाही. ज्या बाटलीवरून त्याने सांगितलं होतं, ती काउंटरवरच होती. मोठी, रुंद तोंडाची. तिचं झाकण मी मोजलं तेव्हा वीस मिली भरलं. त्याची दोन झाकणं म्हणजे बरोबर चाळीस. पण झाडवाल्याला विकलेली बाटली छोटी होती, आणि तीही याच दुकानातली.

पुस्तिकेत पेट्रोल-ऑइल मिसळायच्या, खुणा असलेल्या बाटलीचं चित्र होतं. ती खोक्यातच यायला हवी. ती कुठे आहे, असं मी विचारलं.

"ते कोनी वापरतच नाही, साहेब," मालक म्हणाला. "लोकं झाकनानंच मोजतात. म्हनून आमी काढूनच ठेवतो."

काउंटरमागे एक पोतं होतं. त्यात तशा पांढऱ्या बाटल्या भरलेल्या होत्या, एकही न वापरलेली.

मी कंपनीला लिहिणार म्हटल्यावर मालक नरमला. पिस्टन फुकट बदलून देतो, म्हणाला. फक्त ग्राहकाने स्वतःच्या मनाने चुकीचं मिश्रण केलं, एवढं लिहून द्यावं. नाही तर मशीन कंपनीकडे जाईल आणि दीड महिना येणार नाही. मी झाडवाल्याला सही करू नकोस म्हणालो.

"भाऊ, पेरनीच्या आत सारी झाडं कापाची हायेत," तो म्हणाला. "दीड महिना म्या काय करू?"

मी कागद हातात घेतला. कागदावर तीन ओळी होत्या. त्यांत झाकणाचा उल्लेख नव्हता, बाटलीचा नव्हता, पोत्याचा तर नव्हताच. असे सहीचे कागद समोर ठेवून मी पत्रकार म्हणून आजवर किती बातम्या लिहिल्या असतील, आणि चूक ग्राहकाची, हे वाक्य किती वेळा जसंच्या तसं उतरवलं असेल, याची नोंद माझ्याकडे नाही.

त्याने सही केली. मालकाने पोत्यातून एक बाटली काढली, तिच्यावरची धूळ पुसली आणि दुकानाकडून भेट म्हणून त्याला दिली. झाडवाल्याने ती दोन्ही हातांनी घेतली आणि शेटजींचे लय उपकार झाले, असं म्हणाला.