पप्पांचं समुद्रफूल

माझे वडील निर्मळजवळच्या शाळेत विज्ञान शिकवायचे. सत्तरच्या दशकात सुट्टीच्या दिवशी ओहोटी असली, की आम्ही सायकलवरून अर्नाळ्याला जायचो आणि होडीने पलीकडच्या बेटावर उतरायचो. खडकांत साचलेल्या पाण्यावर ओणवे होऊन ते खेकड्यांचे, खडकाला चिकटून फुलासारख्या उमलणाऱ्या समुद्रफूल नावाच्या जिवांचे फोटो काढायचे. मी त्यांच्या चपला हातात धरून उभी असायचे.

पुढे काचबिंदूने त्यांची दृष्टी गेली आणि कॅमेरा माझ्याकडे आला. फोटो धुऊन आले की मी त्यांच्या शेजारी बसून कशात काय आहे ते सांगायचे. ते नुसती मान हलवायचे.

एका रविवारी चर्चमध्ये मिस्सा झाल्यावर मी हट्टाने त्यांना बेटावर नेलं. खडकावर बसवून त्यांचं बोट पाण्यातल्या एका समुद्रफुलावर टेकवलं. फूल आक्रसून घट्ट झालं.

"मिटलं ना?" त्यांनी विचारलं.

"हो, पप्पा."

"उमलेपर्यंत थांबूया."

बऱ्याच वेळाने ते उमललं, तसं मी त्यांना सांगितलं. ते पाण्याकडे बघत असल्यासारखे बसले होते, पण नजर जरा बाजूला, कोरड्या खडकावर होती.

"मला परत नको आणूस, बाळा," ते हळूच म्हणाले. "घरी बसलो की हे सगळं मला अजून दिसतं. इथे आलो की दिसत नाही."

त्यानंतर मी एकटीच जात राहिले. नव्या फोटोंबद्दल त्यांनी कधी विचारलं नाही आणि मीही कधी सांगितलं नाही.