सशाचा पातळ रस्सा

सिंगापुरात, बिशानला आमच्या ब्लॉकखालच्या बाकावर शेजारचे भाऊ रोज संध्याकाळी नातीचा पाळीव ससा घेऊन बसायचे. सोलापूरकडचे, मुलाकडे राहायला आलेले. सशाला गवत भरवता भरवता मला सांगायचे, "वहिनी, ज्वारीच्या रानात जाळं लावायचं आणि मागनं हाकारा करायचा. रस्सा मात्र पातळच हं! दाट केला की बिघडला." बोलताना त्यांची बोटं सशाची मांडी चाचपायची.

"भाऊ, हळू. त्याला मराठी कळत असेल," मी म्हणायचे. मोठी आले मी दयाळू! नवी नवरी असताना सासरी ससा शिजला, तेव्हा मी ढसाढसा रडले होते आणि डोळे पुसून दोनदा रस्सा वाढून घेतला होता.

एकदा नातीनं सशाला छातीशी धरून विचारलं, "आजोबा, युअर व्हिलेज गॉट वाइल्ड रॅबिट्स ऑर नॉट?"

त्यांनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा सशाकडे. मग म्हणाले, "नो. नेव्हर सॉ."

त्यानंतर रानाचा विषय निघेचना. नात नसताना एकदा मीच हळूच विचारलं, "भाऊ, रस्स्याला खोबरं भाजून घ्यायचं की कच्चं?"

"कसला रस्सा, वहिनी?" म्हणाले, आणि सशाचे कान कुरवाळत बसले.