लाखेच्या बांगड्यांचं माप

आधीच सांगून ठेवतो, हसायचं असेल तर कप खाली ठेवून हसा. मागच्या खेपेला हे सांगत होतो तेव्हा शेजारच्या रेड्डीसाहेबांनी नव्या चादरीवर चहा सांडला आणि बोलणी मला बसली. जसं काही ती चूकही माझीच!

आता मला सांगा, मी अस्सल हैदराबादी माणूस. आजोबा उदगीरकडची शेती सोडून इथं आले, माझा जन्म गौलीगुड्यातला, घर अंबरपेठेत. पुण्या-मुंबईचे पाहुणे आले की त्यांना चारमिनार, गोळकोंडा दाखवायचं काम माझं. कोणी बांधलं, का बांधलं, सगळं तोंडपाठ. त्यातलं निम्मं मी स्वतः रचलेलं असतं, पण पाहुण्यांना काय कळतंय?

अशा माणसाची चारमिनारशेजारच्या लाड बाजारात, बांगड्यांच्या बाजारात, फजिती व्हावी? झाली!

त्याचं असं झालं. गेल्या वर्षी लग्नाच्या वाढदिवसाला मी मंगलला, म्हणजे आमच्या मंडळींना, मिक्सर दिला. चांगला तीन भांड्यांचा! तर आठ दिवस ती माझ्याशी "जेवायला बसा" एवढंच बोलली. नवव्या दिवशी म्हणाली, "चौतीस वर्षांत एक वस्तू अशी आणली नाहीत, जी फक्त माझी आहे."

लागलं हो मनाला. मग यंदा ठरवलं, लाखेच्या बांगड्या! त्याही दुकानात टांगलेल्या नाहीत, समोर बसून करून घेतलेल्या. त्यात नेमके त्याच दिवशी पुण्याहून मेहुणी सुनंदा आणि साडू वसंतराव येणार होते. हे वसंतराव बायकोला दर वर्षी साडी आणतात, आणि ती तिला आवडतेसुद्धा! असल्या नवऱ्यांमुळे बाकीच्यांना जगणं मुश्किल होतं.

प्रश्न आला मापाचा. विचारावं तर बिंग फुटणार. मंगल भाजीला गेल्याचं बघून मी कपाट उघडलं. वरच्या खणात पितळी डबा, डब्यात लाल फडकं, फडक्यात हिरव्या बांगड्या. एक उचलली आणि टाकली खिशात. काय हुशारी!

लाड बाजारात लाखेच्या बांगड्या करणारे एक चाचा शेगडीशी बसले होते. त्यांनी बांगडी डोळ्यासमोर धरली आणि तिच्यातून माझ्याकडे बघितलं.

"साब, ये तो बच्ची का माप है."

"नहीं नहीं, हमारी मिसेस का है."

"उमर क्या है मिसेस की?"

हा काय विचारायचा प्रश्न झाला? तरी सांगितलं, "अठ्ठावन."

चाचांनी बांगडी पुन्हा बघितली. "बहोत दुबली हैं?"

"अजी, खाते-पीते घर की हैं!"

"तो एक दफा उनकू ले को आओ, साब. कांच साबुन लगा के चढ़ जाती. लाख दबा के चढ़ाए तो तड़क जाती."

इथं माणसानं गप्प बसावं की नाही? पण आमची जीभ! मी थेट कुतुबशाहीपासून सुरुवात केली. ज्यांच्या पणजोबापासून घरात लाख वितळते, त्या माणसाला मी लाख म्हणजे काय ते समजावलं! वर ठणकावून सांगितलं, "मेरी बीवी है, मेरेकू मालूम नहीं होगा क्या?"

"हौ साब. आपकी बीवी, आपकू मालूम," असं म्हणून त्यांनी शेगडीवर लाख धरली.

काम मात्र असं सुंदर की विचारू नका. लाख मऊ झाली की पाटावर लाटून तिची कांडी करायची, लाकडी साच्यावर वळवायची आणि गरम आहे तोवर एकेक खडा चिमट्यानं बसवायचा. दोन तास मी तिथून हललो नाही. मोरपंखी रंग, पांढरे खडे. मनात म्हटलं, वसंतराव, बसा आता साड्या मोजत!

वाढदिवसाला दुपारच्या चहाच्या वेळी सगळे बाहेरच्या खोलीत जमलो. वसंतरावांनी व्हिडिओ काढायला मोबाइल रोखला.

"मंगल, डोळे मीट. हात पुढे कर."

तिनं केला. बांगडी बोटांच्या दुसऱ्या पेरापर्यंत गेली आणि बसली अडकून. मी जोर लावला.

"अहो, काय करायलात? बोटं मोडतील माझी!"

"भाऊजी, अंगठा आत दाबा तिचा!" सुनंदा ओरडली.

अंगठा दाबला. साबण आणला, खोबरेल आणलं, सुनंदानं तिच्या हाताला प्लास्टिकची पिशवी घालून बघितली. बांगडी हलायला तयार नाही! शेवटी ती सुटून माझ्याच हातात आली आणि मंगलनं डोळे उघडले. बांगडीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"कुणासाठी घेतल्या होत्या?"

"अगं, तुझ्यासाठी! तुझं माप देऊन!"

"माझं? मग ही बारीक मनगटाची कोण आहे, तेवढं सांगा."

सुनंदानं चहाचा कप खाली ठेवला. वसंतरावांनी मोबाइल काही खाली ठेवला नाही. भला माणूस म्हणे!

मी पळत जाऊन मापाची हिरवी बांगडी आणली आणि पुराव्यासारखी सगळ्यांपुढे धरली. "ही बघ! तुझ्याच डब्यातली!"

मंगलनं ती बघितली आणि कपाळावर हात मारला. "अहो, ही महालक्ष्मीची आहे!"

आमच्याकडे भाद्रपदात महालक्ष्म्या बसतात. त्यांचे पितळी हात एवढे एवढेसे, बोटं जुळलेली. त्यांच्या बांगड्यांचा हा डबा. आणि दर वर्षी तो वरून काढून कोण देतं? मीच!

"आणि पारोशानं हात लावलात डब्याला?" मंगलनं विचारलं. त्या दिवशी मी आंघोळ केली होती की नव्हती, खरंच आठवेना.

सुनंदा हसून हसून खुर्चीत आडवी झाली होती. मंगल मात्र हसली नाही. हळूच म्हणाली, "तीन दिवसांसाठी येणाऱ्या देवीच्या बांगड्या आणल्यात. मी पस्तीस वर्षं इथंच आहे की हो."

त्या बांगड्या तिनं देवीच्या डब्यात ठेवून दिल्या. म्हणजे झालं! यंदाची वस्तूही तिची नव्हे.

दुसऱ्या दिवशी चौघंही लाड बाजारात. चाचांनी मंगलकडे बघितलं, तिच्या हाताकडे बघितलं आणि पाण्याचा ग्लास पुढे केला. मला!

दोघी बहिणी गादीला टेकून शेजारी शेजारी बसल्या आणि नमुन्याच्या बांगड्या चढवून बघायला लागल्या. चार हात, कोपरापर्यंत बांगड्याच बांगड्या. मी मागे उभा.

"शादी को कित्ते साल हुए, साब?" चाचांनी विचारलं.

"पैंतीस."

"पैंतीस साल में एक दफा हाथ पकड़ लेते, साब. माप हाथ को याद रह जाता था."

मग काय! चाचांच्या डोळ्याला डोळा देऊन मी खाली वाकलो, समोरचा बांगड्यांनी भरलेला हात गच्च पकडला आणि भर बाजारात सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "हा घ्या, धरला! आता जन्मात सोडणार नाही!"

शेजारून मंगलचा आवाज आला.

"अहो, सोडा. तो सुनंदाचा आहे."